आईचे वय

भिजलेल्या चारांच्या सालींचा वास आधी आंबट येतो. मग त्या आंबटाच्या तळातून, किंचित उशिराने, एक दुधाळ गोडवा वर येतो. तान्ह्या मुलाच्या टाळूला येतो तसा. मी मूळची नाशिकची. चारोळी मला माहीत होती ती श्रीखंडावर भुरभुरलेली, वाण्याच्या पुडीतून आलेली, वासाला जवळजवळ मुकी. तिला झाड असते, त्या झाडाला चार म्हणतात, त्याच्या काळ्या, आंबटगोड फळांनाही चारंच म्हणतात, आणि फळाच्या आतली टणक कवची फोडली की ती मसुराएवढी बी हाती लागते, हे कुरखेड्याला जाईपर्यंत मला ठाऊक नव्हते. आता मी चंद्रपुरात राहते. इथल्या हवेत कोळशाचा धूर असतो, त्यामुळे दुसरे वास पुसट होतात. तरी वैशाख संपत आला की तो वास नाकाशी येऊन उभा राहतो, आणि त्याच्यामागून त्या बाई.

बाई निवृत्त नर्स होत्या. मी कुरखेड्याच्या कॉलेजात मराठी कविता शिकवायला गेले आणि त्यांच्या घराची पुढची खोली भाड्याने घेतली. चार वर्षे राहिले. मला धक्का बसला नाही असा एकही महिना त्या चार वर्षांतला आठवत नाही.

पहिला धक्का उंबऱ्यावरच बसला. हातात पेटी घेऊन मी उभी होते. भाडे, पाणी, दिवाबत्ती यांविषयी विचारायची वाक्ये मनात जुळवून ठेवली होती. बाई बाहेर आल्या. उंच, सडपातळ, पांढरे सुती पातळ, मनगटावर पुरुषी घड्याळ. एक शब्द न बोलता त्यांनी अंगठ्याने माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली.

"रक्त कमी आहे," त्या म्हणाल्या. मग त्याच सुरात, रस्त्यावरून सायकली जात असताना, "पाळी टायमावर येते?"

मी पेटी दुसऱ्या हातात घेतली.

"लाजून राह्यली, का आठवून राह्यली?"

"येते," मी कशीबशी म्हणाले.

"बरं. खोली तुही. पालक खात जाय."

परसात एकच झाड होते. निवृत्तीच्या वर्षी त्यांनी स्वतः लावलेले, मी गेले तेव्हा पाच वर्षांचे. खोडाची साल आत्ताच काळपट आणि चौकटीचौकटींनी तडकू लागलेली, सुसरीच्या पाठीसारखी. पाने जाड, चामडी. वाऱ्यात ती सळसळत नसत, एकमेकींवर आपटत. फाल्गुनात आसपासच्या रानातला साग उघडा पडे, त्याची वाळकी पाने पायांखाली पापडासारखी मोडत, आणि त्या सगळ्या करड्या पसाऱ्यात हे झाड मात्र हिरवेच राही.

"ही ड्यूटी सोडत नाई," बाई म्हणत. झाडाला त्या कधी 'ते' म्हणाल्या नाहीत. ती 'ही' होती, मोठी झाल्यावर 'ती'.

नव्या पालवीच्या दिवसांत मी एकदा कौतुकाने म्हणाले, "काय रेशमी पालवी आहे!"

बाईंनी माझा हात धरून पानाला लावला. पानावर बारीक लव होती.

"रेशमी?"

मी पुन्हा बोट फिरवले. "नाही. सुती आहे."

"मंग सुती म्हण न. पोरायले काय शिकवतं कॉलेजात?"

माझे शिक्षण कवितेत झाले होते. एका शब्दासाठी आठवडा घालवणाऱ्या लोकांमध्ये मी वाढले होते. आणि एका सुटलेल्या विशेषणासाठी मला इतके लाजवणारे माणूस यापूर्वी भेटले नव्हते.

चार हे झाड हट्टी आहे. त्याची कवची इतकी टणक की बी आतच गुदमरते. आणि कवची फोडायला जावे तर कोंबच चिरडतो. बाई पक्कडीच्या दोन जबड्यांत बी उभी धरत, कानाशी नेत आणि हळू दाबत. अगदी बारीक 'टिक्' असा आवाज येई. त्या क्षणी हात थांबला तर शिवण उकलते. निमिषभर उशीर झाला तर आतला दाणा गेला. त्या मलाही शिकवायला बसल्या. पहिल्या दिवशी मी अकरा दाणे मारले. त्यांनी ते अकराही माझ्यासमोर ओळीने मांडून ठेवले.

"आवाज यायच्या आधी थांबाचं," त्या म्हणाल्या.

"आधी कसं कळणार?"

"हातातलं लेकरू रडाच्या आधी कळते का नाई?"

मला मूल नव्हते. त्यांनाही नव्हते. हे दोघींनाही त्याच वेळी आठवले असावे, कारण पुढचा अर्धा तास आम्ही नुसत्या बिया फोडत राहिलो.

पेरणी मृगात. त्यासाठी त्यांच्याकडे लसी न्यायचा जुना निळा डबा होता. त्यात ओली वाळू आणि वाळूत उकललेल्या बिया. तो खांद्याला अडकवून त्या निघत. परवानगी नावाची गोष्ट त्यांना मान्य नव्हती. शाळेच्या भिंतीमागे, तहसीलच्या आवारात, स्मशानाच्या वाटेवर, नागभीडच्या रस्त्याच्या वळणावर, जिथे गुरे सहसा फिरकत नाहीत तिथे त्या खड्डा करत, बी ठेवत आणि वर बोरीच्या काट्या रोवत. पिशवीत रोप वाढवायला त्यांचा विरोध होता. आरंभी त्यांनी तसे केले होते. रोपे हातभर झाली, जमिनीत लावली आणि मेली. तेव्हापासून मेलेले प्रत्येक रोप त्या उपटून आणत, पाटावर ठेवत, धुवत आणि ब्लेडने उभे चिरत.

एके सकाळी चहा घ्यायला मी स्वयंपाकघरात गेले, तर पाटावर दुसऱ्या कोणीतरी पिशवीत वाढवून लावलेली तीन रोपे चिरलेली. "कोमेजून गेली का हो?" मी हळहळले.

"मेली म्हण. कोमेजलं ते पाणी देल्लं का उठते." ब्लेडचे टोक त्यांनी मुळावर ठेवले. "पाह्य. पिशवीच्या बुडाशी मुळी टेकली अन् वळली. वळली ते मेली. हिले जलमल्या जागी राहू द्या लागते."

चहाच्या वासात त्या ओल्या मुळांचा कच्चा, मातकट वास मिसळला होता. मी कप तसाच ठेवला.

नागभीडच्या एसटीत त्या बसल्या की त्या वळणावर बस थांबणार हे ठरलेले. "दोन मिनिटं भाऊ, लेकरू पाहून येते," असे म्हणून पाण्याची बाटली घेऊन त्या उतरत. बस खोळंबे.

मागून एखादा ओरडे, "बाई, तुमचं लेकरू अजून शाळेत नाई गेलं का वो?"

"तुह्या आधी जाईन. तू चौथीत किती वर्षं होता, मले मालूम आहे."

सगळी बस हसे. आसपासच्या गावांतल्या बहुतेकांना बाईंनी कधी ना कधी सुई टोचलेली होती, आणि ते त्यांच्या उपयोगी पडे. चारांच्या दिवसांत रानातल्या झाडांची दैना होते. झाड कोणाच्या मालकीचे नाही, जो आधी पोचेल त्याचे. म्हणून माणसे फळे पिकायच्या आधीच जातात आणि सगळ्यांच्या आधी उरकावे म्हणून फांद्याच तोडून खाली पाडतात. अशा हिरव्या फळांतले दाणे पोचट निघतात हे सगळ्यांना माहीत असते. तरी दरसाल तेच. एकदा बाईंच्या जुन्या उपकेंद्रामागच्या झाडावर एक चांगला मिशीवाला माणूस कुऱ्हाड घेऊन चढला होता. आम्ही दोघी तिथून जात होतो. बाई खाली उभ्या राहिल्या, पिशवीत हात घातला आणि शांतपणे म्हणाल्या, "उतर. का सुई काढू?"

तो उतरला. खरोखर उतरला, आणि उतरताना दंड चोळत होता. पिशवीत फक्त पाण्याची बाटली होती.

आता बाईंच्या कार्डांविषयी. माझी सगळी गोष्ट त्या कार्डांपाशी येऊन थांबते.

लहान मुलांच्या लसीकरणाची जुनी छापील कार्डे, नवी आल्यावर रद्द झालेली, बाईंनी गठ्ठ्याने घरी आणली होती. उगवलेल्या प्रत्येक रोपाचे त्या कार्ड भरत. जन्मतारीख म्हणजे कोंब जमिनीवर आला तो दिवस. 'वजन' खोडून 'उंची'. 'आईचे नाव' या जागी ज्या झाडाची बी होती त्याचा क्रमांक, 'आईचे वय' या जागी त्या झाडाचे वय, माहीत नसेल तर 'माहीत नाही'. रोप मेले की तांबड्या पेन्सिलीची आडवी रेघ. कार्डे इंजेक्शनच्या खोक्यात उभी लावलेली असत. तांबड्या रेघा पुष्कळ होत्या.

सगळ्यांत पुढे कार्ड क्रमांक एक. ठिकाण: उपकेंद्राच्या मागे. आईचे नाव: कोरे. आईचे वय: १५.

"बाई," मी हसत विचारले होते, "एवढ्या लहान झाडाला फळं येतात?"

त्यांनी कार्ड माझ्या हातातून काढून घेतले, खोक्यात जागच्या जागी लावले आणि झाकण बंद केले.

"येतात," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात मी हा किस्सा रंगवून सांगितला. झाडाची आई पंधरा वर्षांची! सगळे खळखळून हसले. मीही.

चौथ्या वर्षी, कार्तिकात, बाईंचे जेवण तुटले. पातळाच्या निऱ्या रोज थोड्या अधिक पडू लागल्या. मी त्यांना नागपूरला नेले. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी मला एकटीला बाहेरच्या बाकापाशी बोलावून सांगितले. तिथे फिनेलचा वास होता, आणि कोणीतरी सोललेल्या संत्र्याचा. पोटात गाठ होती. पसरली होती. सहा-सात महिने, ते म्हणाले.

परत येताना बसमध्ये बाईंनी विचारले, "काय म्हणाले?"

"अल्सर आहे म्हणे," मी खिडकीबाहेर पाहत म्हणाले. "तिखट बंद करायला सांगितलंय."

"बरं," बाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून त्यांनी तिखट सोडले. हिरव्या मिरचीच्या ठेच्याशिवाय ज्यांच्या गळ्याखाली भाकर उतरत नसे, त्या बाई फिक्क्या वरणात भाकर कुस्करून, माझ्याकडे पाहत, निमूट जेवू लागल्या. मला वाटले, माझे खोटे त्यांनी मानले. मनावरचे ओझे थोडे हलके झाल्यासारखेही वाटले. ते आठवले की आज मला स्वतःची शिसारी येते.

मग माघात परसातल्या झाडाला मोहर आला. पहिलाच. नऊ वर्षांत कधी नव्हता आला. हिरवट पांढऱ्या बारीक फुलांचे तुरे फांद्यांच्या टोकांवर उभे राहिले. जवळ गेल्याशिवाय कळणार नाही असा मधाचा अतिशय पातळ वास. सकाळी दात घासताना झाडातून गुणगुण ऐकू आली. अख्खे झाड मधमाशांनी भरले होते. मी नखशिखान्त मोहरले. मनात हिशेब मांडला: माघात मोहर, वैशाखात फळ. डॉक्टरांनी दिलेले महिने तिथवर कसेबसे पुरत होते. बाईंना त्यांच्या झाडाचे फळ मिळणार होते. त्या दिवशी वर्गात मी काय शिकवले, मला आठवत नाही.

दुपारी परतले, तर परस गप्प होते. एकही मधमाशी नाही. त्या शांततेतून एक आवाज येत होता: कट्. जरा थांबून, कट्.

बाई स्टुलावर उभ्या होत्या. एका हातात फांदी खाली ओढायची आकडी, दुसऱ्या हातात नाळ कापायची स्टीलची कात्री. खाली जुन्या वर्तमानपत्रावर तुऱ्यांचा ढीग. कापलेल्या देठांचा हिरवा, कडसर वास सगळ्या परसात पसरला होता.

"बाई! हे काय करताय?"

"दिसत नाई का? मोहर काढून राह्यली."

"अहो, पण नऊ वर्षं वाट पाहिलीत तुम्ही याची!"

"मी पाह्यली न. तिनं काऊन भोगावं मंग?" कट्. "अंग पाह्य तिचं. माह्या पोटरीएवढं खोड नाई अन् मोहर पाह्य केवढा आला. एवढी चारं धरली तर मोडून जाईन. तीन वर्षं असाच काढा लागते. खोड भरू दे, मंग होऊ दे तिले लेकरं."

"तीन वर्षं?"

"तीन."

रागाने माझे कान तापले. मला वाटते तो राग त्यांच्यावर नव्हता, पण त्या वेळी समोर त्याच होत्या. मी म्हणाले, "तुमच्याकडे तीन वर्षं नाहीत, बाई."

शब्द बाहेर पडले आणि मी दोन्ही हातांनी तोंड झाकले. वर्तमानपत्राचा कोपरा वाऱ्याने फडफडला. बाईंनी हातातला तुरा कापला, खाली टाकला. मग माझ्याकडे पाहिले.

"एक बी नाई," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला..."

"अवं, सारी जिंदगी दवाखान्यात काढली मी. रिपोर्ट पिशवीत घेऊन कोण बसली होती बसमध्ये? मीच न. तू अल्सर म्हणाली, मी म्हणाली चाल बापा, पोरीचं मन राहू दे. तुह्यासाठी तीन महिने बिनतिखटाचं खाल्लं मी. कैदी खातीन का असं?"

 मी तिथेच, तुऱ्यांच्या ढिगाशेजारी बसले. बाई सावकाश स्टुलावरून उतरल्या, एका हाताने पोट धरून. माझ्याजवळ स्टूल ओढले. कात्री पदराला पुसत राहिल्या; बोलत असताना सगळा वेळ पुसत राहिल्या.

"मी नवीन लागली होती उपकेंद्रावर. एक पोट्टी यायची तपासाले. येताना पळसाच्या पानाच्या दोन्यात चारं आणायची. मी खायची अन् बिया खिडकीतून मागं फेकायची. तिची सासू संगं राहे. पह्यल्याच दिवशी सासू म्हणते, बाई, वय एकोणीस लिवा, नाईतर मोठ्या दवाखान्यात नेतीन, तिथी पोलीस इचारतीन. मी पोट्टीकडं पाह्यलं. ती चारं चोखून राह्यली होती. वठ काळे झाले होते. पंधराची होती. मले दिसत होतं न. पंधराची होती."

कात्री पुसायची थांबली, पुन्हा सुरू झाली.

"एकोणीस लिवलं मी. माह्या हातानं. पंधरा लिवलं असतं तर तिले मोठ्या दवाखान्यातच पाठवा लागे, तसा नियमच होता. एकोणीस लिवलं म्हणून इथीच ठेवली. दोन दिवस कळा देल्या तिनं. लेकरू बी गेलं, थे बी गेली. रक्त थांबेच नाई. ही कात्री माह्या हातात अन् कापाले काई नाई."

कुठेतरी कोंबडा आरवत होता. 

"पावसाळ्यात खिडकीमागं झाड उगवलं," बाई म्हणाल्या. "तिच्याच दोन्यातल्या बीचं."

कार्ड क्रमांक एक. आईचे नाव: कोरे. आईचे वय: १५. ते मी हसत वाचले होते. कॉलेजात सांगून चार माणसांना हसवले होते. मी बाईंचे पाय धरायला वाकले तर त्यांनी मला खांद्याला धरून सरळ केले, आणि सवयीने माझी पापणी ओढून पाहिली.

"रक्त कमीच आहे अजून," त्या म्हणाल्या. "उठ. भाकरी टाक. अन् ठेचा कर आज. डोये निंगले पाह्यजे."

त्या दिवशी त्या दोन भाकरी जेवल्या. नंतर सगळे उलटून पडले, पण चेहऱ्यावर समाधान होते.

साधारण आठवड्याने, दोरीवर कपडे वाळत घालताना माझी नजर वर गेली. अगदी शेंड्याला, पानांच्या आड, एक तुरा राहिला होता. आकडी तिथवर पोचली नव्हती. मी हाक मारायला तोंड उघडले आणि मिटले. बाई आता मान फारशी वर करू शकत नव्हत्या. त्यांना दिसणार नव्हता.

मी सांगितले नाही. एवढे सगळे ऐकल्यानंतरही मी पुन्हा त्यांच्यापासून काही लपवत होते, आणि रोज सकाळी शेंड्याकडे पाहून येत होते, याचे मला स्वतःलाच नवल वाटे. फाल्गुनात तिथे मोहरीएवढे हिरवे ठिपके दिसू लागले. चैत्रात ते वाटाण्याएवढे झाले. पोपटांनी बरेच नेले. बाई खाटेवरून उठेनाशा झाल्या. परसाचे दार उघडे ठेवून तिथेच त्यांची खाट घातली होती. त्यांच्या खोलीत आता औषधांचा, कापराचा आणि त्या दोन्हींखाली आणखी कशाचा तरी वास असे. त्या वासाला मी नाव दिले नाही. बाईंनी दिले असते.

वैशाखी पौर्णिमेला त्यांच्या घरी खीर असे. बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती, पांढरी फुले, आणि गल्लीतल्या प्रत्येक घरी वाटीभर खीर, वर चारोळी. त्या वर्षी खीर मी केली. दूध आटत असताना काठी आणि आकडी घेऊन परसात गेले. शेंड्याच्या घोसात सात चारं उरली होती, पिकून काळी झालेली, सुकत चाललेली. फांदी न मोडता ती काढायला मला बराच वेळ लागला. चुलीवरचे दूध थोडे करपले.

पळसाचे पान दुमडून मी दोना केला आणि तो त्यांच्या हातात ठेवला. बाईंनी बोटांनी चाचपले. मग नाकाशी नेले.

"कुठली?"

'बाजारातली' हा शब्द माझ्या जिभेवर तयार होता. खोटे बोलायला मला इतका कमी वेळ लागतो हे त्या क्षणी मला कळले.

"आपल्या झाडाची," मी म्हणाले. "शेंड्याचा एक तुरा तुमच्या हातून राहिला होता. मला दिसला होता. मी बोलले नाही."

 आता त्या ओरडतील, निदान डोळे मिटून घेतील असे मला वाटले. त्यांच्या खोल गेलेल्या पोटातून एक बारीक थरथर वर आली. हसत होत्या.

"माय वो," त्या म्हणाल्या. "चोरून बाळंत झाली म्हण."

एक चार त्यांनी तोंडात ठेवले. जेवण केव्हाच सुटले होते. चोखायलाही त्यांना फार वेळ लागला. ओठांवर काळा डाग उमटला. मी त्या डागाकडे पाहिले आणि पाहवेना म्हणून झाडाकडे पाहिले. शेवटी त्यांनी बी तळहातावर काढली आणि दुसऱ्या हाताने खोक्याकडे बोट केले.

मी कोरे कार्ड काढले. पेन त्यांच्या बोटांत राहीना, म्हणून मीच लिहायला बसले. ठिकाण विचारले, तर त्यांनी माझ्याकडे बोट केले. म्हणजे मी जिथे असेन तिथे. जन्मतारखेची जागा मृगासाठी मोकळी सोडली. आईचे नाव: परसातली.

पुढच्या रेघेवर माझे पेन थांबले. नऊ. बाईंनी डोळ्यांत तेल घालून केलेल्या राखणीतून निसटलेली, तीन वर्षे आधीच फळलेली. नऊ हा आकडा त्या राखणीवर डाग पाडल्यासारखा दिसला असता. बारा लिहिले असते तर त्यांच्या शब्दाप्रमाणे सगळे नीट झाले असते, आणि ते तपासायला कोण येणार होते? मी पेन टेकवले, उचलले, पुन्हा टेकवले. त्यांचे डोळे मिटलेले होते. करपलेल्या दुधाचा वास घरभर होता.

"बाई," मी विचारले, "आईचं वय किती लिहू?"

डोळे न उघडता त्या म्हणाल्या,

"खरं."